अर्ध्याचं अर्धं

प्रिय पाणकोंबडे,

तू आता मोठी अधिकारी झालीस, तुझ्या सहीशिवाय चौदाव्या मजल्यावर कुणाची लिफ्ट जात नाही, तेव्हा हे नाव तुला शोभत नाही हे मला कळतं. पण हात आपोआप तेच लिहून गेला, आणि आज काही खोडायचं नाही असं मी ठरवलंय. का, ते पुढे येईल. मला आधी सांगायची गोष्ट आधी सांगता येत नाही, हे तुला माहीत आहेच.

रविवारी तुझा निरोप आला. शुक्रवारी सुट्टी मिळतेय, समुद्रातल्या बाहेरच्या खडकावर यावं का, फोनवरचे अंदाज नकोत, लाटेचा आकडा तू सांग. एवढंच. सहा वर्षांत तू खडकाचं नावसुद्धा काढलं नव्हतंस. तुझी लाटांवर स्वार व्हायची फळी माळ्यावर चादरीत गुंडाळून पडली आहे, आणि आम्हीही कधी तिचा विषय काढला नाही. निरोप वाचून मी इतका गडबडलो की दोनदा फोन करूनही आकडा सांगितला नाही. पहिल्यांदा टाकीचं झाकण वाऱ्याने उडाल्याचं सांगितलं, दुसऱ्यांदा शेजारच्या मांजरीला चार पिल्लं झाल्याचं. तू विचारलंस, आकडा? मी म्हटलं, अजून बघतोय. ते खोटं नव्हतं. बघतच होतो, पण काय बघतोय तेच मला उमगत नव्हतं. म्हणून हे पत्र. उद्या सकाळच्या बसच्या ड्रायव्हरकडे देतो, दुपारपर्यंत तुझ्या हातात पडेल. यायचं की नाही ते तुला गुरुवारी संध्याकाळच्या आत ठरवावं लागेल, आणि तू ते माझ्या आकड्यावर ठरवणार आहेस. माझी झोप उडालीय ती याचीच.

आता अंदाज. नैर्ऋत्येला खूप दूर एक वादळ घोंघावतंय. ते इकडे येणार नाही, पण त्याची लाट येणार. दोन लाटांमध्ये सतरा सेकंदांचं अंतर, म्हणजे लांबून दम धरून येणारी, खोल लाट. असलीच लाट आपल्या खडकाला हवी असते, बारकीसारकी तो अंगावरून जाऊ देतो. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत आहे. पुढे तीन तिघाडा. हवामान कार्यालय म्हणतं, वारा नऊला फिरणार. फोनवाला म्हणतो, बारापर्यंत मतलईच राहणार, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा, लाटेला सरळ उभी धरणारा. आणि डिंकमामाचा गुडघा म्हणतो, शुक्रवारी पाऊस. त्या गुडघ्याचं मी कधी मनावर घेत नाही, पण गेल्या महिन्यात तो दोनदा बरोबर निघाला आणि कार्यालय दोनदा चुकलं. सांग, मी कुणाचं ऐकू?

मामा मजेत आहे. शेडमध्ये बसून अजून फळ्यांची भोकं डिंकाने बुजवतो, अजून त्याची दोन बोटं कायम एकमेकांना चिकटलेली असतात, आणि अजून रोज सकाळी त्याच्या भिंतीवरच्या फळ्यावर मी खडूने आकडा लिहितो. पोरंपोरी फोन बघून येतात, तरी फळ्याकडे एक नजर टाकतातच. आईचा खांदा आता वर जातो. तिने व्यायामाच्या बाईंना इतके प्रश्न विचारले की बाईंनी कंटाळून तिला पुस्तकच देऊन टाकलं. ती तुझ्या खोलीत शिवणाचं मशीन हलवणार होती. तुझा निरोप आल्यापासून हलवायचं नाव काढत नाही.

आपल्याकडची मोजायची रीत तुझ्या लक्षात असेलच, तरी लिहितो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अवलंबून आहे. कार्यालय लाटेची पुरती उंची देतं, पायथ्यापासून माथ्यापर्यंत. आपले जुने लोक मोजायचे पाठीमागून, म्हणजे निम्मी. बारा फुटांच्या लाटेला ते सहा म्हणत. बढाई मारायची नाही, एवढाच त्यामागचा हेतू असावा. आता तो हेतू कुणाला आठवत नाही, पण रीत राहिली. पंचवीस वर्षं रोज सकाळी मी कार्यालयाचा आकडा घेतो, निम्मा करतो आणि लिहितो. मला अर्धेकाका म्हणतात ते यावरून, असं नवीन पोरांना वाटतं. जुन्यांना माहीत आहे की ते नाव एका विशिष्ट दिवसापासून पडलं. तुलाही माहीत आहे.

त्या दिवशी पहाटे तू सहाला स्वयंपाकघरात आलीस. केस ओले, एका हातात मुलाखतीची फाइल. तू मला आधीच सांगून ठेवलं होतंस की खडक जागा झाला तर मुलाखत पुढे ढकलणार, चार वर्षं याचसाठी घासली आहेत. बाहेर अजून काही दिसत नव्हतं, लाट पोचायला दोन तास होते. तू विचारलंस, किती? मी म्हटलं, तीन. वाराही आठला फिरेल, उगीच मुलाखत घालवू नकोस. तू माझ्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाहीस, इतका तुझा विश्वास. टोस्टचा तुकडा तोंडात धरून साडेसहाच्या बसला पळालीस. आठला खडकावर सहाची लाट उभी होती. आपल्या मापाने सहा. वारा अकरापर्यंत हलला नाही. एकाच्या गळ्याजवळचं हाड मोडलं, बाकीचे संध्याकाळपर्यंत वेड्यासारखे हसत होते. तुला नोकरी लागली, आणि तू परत आलीस तेव्हा शेडच्या भिंतीवर फोटो लागले होते.

मी तेव्हा सांगितलं होतं की कार्यालयाने त्या महिन्यापासून आकडा आपल्या मापाने द्यायला सुरुवात केली, ते माझ्या लक्षात आलं नाही, आणि मी अर्ध्याचं अर्धं केलं. सगळे हसले. मामाने अर्धेकाका नाव ठेवलं. तू फोटो बघत उभी होतीस, मग वळून म्हणालीस, "होतं बाबा असं. एवढं काय त्यात." आणि मला चहा करून दिलास. त्या चहाची चव मला आजही आठवते. साखर विसरली होतीस.

आता ऐक. त्याच्या तीन महिने आधी, एका साध्या दिवशी, आपल्या मापाने चारच्या लाटेत तू पडलीस. मी गच्चीवरून दुर्बिणीतून बघत होतो. पहिली लाट तुझ्यावरून गेली, तू वर आली नाहीस. दुसरी गेली, तरी आली नाहीस. मी मोजत होतो, कारण आयुष्यभर मी तेवढंच केलंय. बावीस सेकंद. मग तू वर आलीस, फळी ओढलीस आणि परत आत निघालीस. घरी येऊन तू भूक लागली म्हणालीस, त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीस. मीही काढला नाही. पण त्यानंतर रोज आकडा लिहिताना मला ते बावीस ऐकू यायचे.

तरीही मी सांगतो ते खरं मान. परवापर्यंत मला प्रामाणिकपणे वाटत होतं की माझ्याकडून चूकच झाली होती. सहा वर्षं तीच गोष्ट सांगत राहिलं की ती आपल्यालाही पटते. सोमवारी, येणाऱ्या लाटेसारखी लाट पूर्वी कधी आली होती ते बघायला मी जुन्या वह्या काढल्या. कार्यालयाला मोठी यंत्रं आहेत, माझ्याकडे वह्या आहेत. चाळता चाळता तेच पान आलं. नैर्ऋत्य, सतरा सेकंद, अगदी हीच लाट. पानाला कार्यालयाचा कागद डकवलेला होता, आणि त्यावर स्वच्छ छापलं होतं, पुरती उंची बारा फूट. म्हणजे सरळ हिशोबाने सहा. खाली माझ्या अक्षरात वेळ, पाच चाळीस, आणि आकडा तीन. मी पेन्सिलने लिहितो, दमट हवेत शाई पसरते म्हणून. पान खिडकीकडे तिरकं धरलं तेव्हा तिनाच्या खाली दाबून लिहिलेला आणि खोडलेला सहा दिसला. वीस मिनिटं तो तिथे होता. मग तू आंघोळ करून येतेस असा आवाज आला असणार.

वाईट वाटायला हवं होतं, ते वाटलंच, पण त्याहून जास्त गोंधळ झाला. मी खोटं बोललो नसतो तर तुझी नोकरी गेली असती का? का त्यांनी दुसरी तारीख दिली असती? ते मोडलेलं हाड तुझं असतं का? का तू फोटोत असतीस? आणि फळी माळ्यावर गेली ती नोकरीमुळे, का चार वर्षं वाट बघून तो दिवस हातचा गेल्यामुळे? याचा अंदाज कुठलंच कार्यालय देत नाही. मला वाटायचं, बापाच्या काळजीला सगळं माफ असतं. आता वाटतं, काळजी माझी होती आणि किंमत तू मोजलीस. उद्या कदाचित तिसरंच काही वाटेल.

शेवटी आईला सांगितलं. मी एवढी वर्षं मनाशी धरून होतो की हे मी तिच्यासाठीच केलं, तिला पाण्याची भीती, तिला धक्का सोसला नसता. तिने खांद्याचा व्यायाम थांबवून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला विचारलं असतंत तर मी तिला जा म्हटलं असतं." आणि उरलेल्या दहा वेळा हात वर केला. वाक्य एवढंच, पण मी ज्या खांबाला टेकून उभा होतो तोच तिने काढून घेतला.

आता या शुक्रवारचं. मी तीनदा गणित केलं. पहिल्यांदा सहा आलं. मग तू येणार हे डोक्यात आलं, आणि पुन्हा केलं तर पाच. तिसऱ्यांदा साडेचार. लाट तीच, वादळ तेच, हात मात्र माझा. तेव्हा मी कागद घेऊन मामाकडे गेलो आणि कुणासाठी ते न सांगता त्याला गणित घालायला लावलं. त्याने चिकटलेल्या बोटांनी दोन मिनिटांत केलं आणि विचारलं, "सहा. का रे, पोरगी येतेय का?" मी नाही म्हटलं. तेवढं एक खोटं अजून बोललो, ते उद्या निस्तरतो.

तर तू मागितलास तो आकडा सहा आहे. आपल्या मापाने सहा, पुरते बारा फूट. शुक्रवारी पाच पन्नासला पूर्ण भरती, बाराला पूर्ण ओहोटी. खडक साडेसात ते साडेनऊ चांगला चालेल, त्यानंतर पाणी उथळ होतं. कासवाच्या पाठीसारखा तो दगड वर दिसला की बाहेर यायचं, लाट कितीही गोड दिसली तरी. वारा माझ्या मते दहापर्यंत मतलई, पण वाऱ्याची खात्री नाही, हेही लिहून ठेवतो. हे सगळं मी वहीत शाईने लिहिलंय, पसरली तर पसरू दे, आणि मामाने घातलेलं गणित सोडलं तर तुझ्याआधी कुणाला सांगितलेलं नाही. दुसरा एक आकडा मात्र माझ्याकडे नाही: सहा वर्षांनंतर तुझा श्वास किती टिकतो, हात किती वेळ पाणी ओढतात. तो तुझ्याकडे आहे, आणि तू त्यात खाडाखोड करणार नाहीस हे मला माहीत आहे. तुला हे पत्र वाचून राग आला तर तो बरोबर घेऊन ये, किंवा येऊच नकोस, दोन्ही मला कबूल. फळी मी माळ्यावरून खाली काढून पुसून ठेवली आहे, ती बोलावणं म्हणून नाही, तुझी आहे म्हणून. तू आलीस तर मी गच्चीवर नसेन, खाली पायऱ्यांवर टॉवेल घेऊन बसलेला असेन. मोजणार नाही, असं इथे लिहिणार होतो. पण मोजेनच.

तुझाच, आणि या वेळी पुरता,
बाबा