फळीवरची धूळ

दादा, आज दुकान बंद केलं. शेवगावची आपली पत्र्याची टपरी नव्हे, ती तर तुमच्या माघारी लगेचच गेली. हे केडगावचं, पुणे रस्त्यावरून आत वळलं की लागायचं ते, मी लग्नानंतर थाटलेलं आणि तुम्ही कधीच न पाहिलेलं. पाटी अजून वर लोंबकळतेय, कारण ती काढायला शिडी लागते आणि शिडी मागायला जायचाही मला आता कंटाळा येतो. हल्ली सगळ्याचाच येतो. गुडघ्यांचा, गिऱ्हाइकांचा, मोबाईलच्या कव्हरांचा, "ताई, ह्यात दुसरा रंग आहे का" ह्या प्रश्नाचा. गेमच्या सीडींचं कपाट तर कित्येक वर्षं मी नुसतं पुसण्यापुरतं ठेवलं होतं. कधी एखादं पोरगं आत डोकावून विचारायचं, "काकू, हे अजून विकतात?" मी म्हणायचे, विकतात बाबा, घेत कुणी नाही. कव्हरांवर दुकान चाललं असतं अजून थोडं. पण दुकान म्हणजे तुमचा एक हट्ट होता, तो मी, तुमच्या लेकीनं, माझ्या परीनं ओढत आणला, आणि आता माझ्यानं ओढवेना. तुमची ना असती का, एवढंच विचारायला बसले आहे.

टपरी आठवते तशी सांगते, चुकलं तर चुकलं. एसटी स्टँडच्या बाहेर, रसवंतीला लागून. आधी तुम्ही रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करायचात. मग नव्वदनंतर कधीतरी पुण्याहून येताना एक व्हिडिओ गेम आणि त्यात घालायच्या थोड्या गेमच्या कॅसेट घेऊन आलात, आणि आईनं कपाळावर हात मारला. "पोराटोरांचा ख्योळ, ह्याच्यावर प्रपंच चालनार व्हय?" पण चालला. कॅसेट भाड्यानं द्यायच्या, परत आल्या की दुसऱ्या न्यायच्या. पिवळ्या, काळ्या, निळ्या, वर चित्र एक आणि आत गेम भलताच. एकीवर मोठ्या आकड्यात शंभर लिहिलेलं, आत मोजून चारच, तेच रंग बदलून पुन्हा पुन्हा. तरी पोरं शंभरपर्यंत जाऊन बघायचीच. तुमची पद्धत अशी की कॅसेट टपरीतल्या लहान टीव्हीवर चालवून दाखवल्याशिवाय गिऱ्हाईक हलायचं नाही. चालली नाही की सगळे तिच्यात फुंकर मारायला धावायचे आणि तुम्ही ओरडायचात, "फुकू नका रं, थुकी उडती!" मग माझ्या कंपासपेटीतलं खोडरबर काढून कॅसेटच्या तोंडाशी असलेल्या पिना घासायचात, हलक्या हातानं, आणि चित्र यायचं. माझ्या वहीतल्या चुका तशाच राहायच्या, कारण खोडरबर कायम टपरीत.

शाळा सुटली की मीही तिथंच. आई शेतावर मजुरीला जायची, घरी कुणी नसायचं. रणगाड्यांचा गेम मला इतका यायला लागला की कॉलेजची पोरं मला हरवायला येऊन हरून जायची, आणि तुम्ही वरवर रागावून आतून खूश व्हायचात. दाखवायचा नाहीत, पण मला दिसायचं. तुमचा एक नियम मात्र कडक होता. कॅसेट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची आणि परत घेतानाही हातातच घ्यायची. समोरच्या फळीवर ठेवायची नाही. "फळीवर धूळ असती, पिना खराब व्हत्यात," असं तुम्ही सगळ्यांना सांगायचात, मलाही. स्टँडची धूळ तुम्हाला ठाऊकच आहे, मला ते पटलंही होतं.

मग तो बाजारचा दिवस. टपरीपुढं ही गर्दी, पिशव्या, कोंबड्या, कुणाच्या डोक्यावर पत्रा. मी एका हातानं रिमोट धरलाय, डाव रंगात आलाय, आणि एक गिऱ्हाईक मागतंय म्हणून दुसऱ्या हातानं कॅसेट उचलून फळीवर ठेवते. तुम्ही आतून ओरडता, "उचल ती." मी बघतच राहते. "उचल म्हन्तो ना! हातात दे त्यांच्या." मी देते. माणूस गेल्यावर तुम्ही माझ्या हातातला रिमोट काढून घेता. "किती डाव सांगितलं, फळीवर ठिवायची न्हाई म्हून?" मी म्हणते, "दादा, आत्ताच पुसली होती की मी फळी." "पुसली तरी ठिवायची न्हाई. जमत नसंल तर घरी बस जा." एवढ्या लोकांपुढं. मी रडत घरी गेले आणि वाटेत ठरवून टाकलं, आपल्या बापाला पोरीपेक्षा पिना प्याऱ्या आहेत.

आई चुलीपुढं भाकरी थापत होती. मी सगळं सांगितलं, वर स्वतःचंही घातलं. ती हसली नाही. भाकरी तव्यावर टाकली, पाणी लावलं आणि म्हणाली, "धूळबीळ काय न्हाई गं. ह्ये ल्हान असताना तुझ्या आज्यासंगं मीठ आनायला जायचे. दुकानदार पुडी फळीवर ठिवायचा आन काठीनं म्होरं सारायचा. पैसं बी फळीवर ठिवायला लावायचा, त्यावर पानी शिपडून मग उचलायचा. तवापासनं ह्यांच्या डोक्यात बसलंय, आपली फळी झाली की तिच्यावर काय ठिवायचं न्हाई." मी विचारलं, मग तसं लोकांना सांगत का नाहीत? भाकरी उलटता उलटता ती म्हणाली, "तसं सांगून कोन घील? धूळ म्हनलं की घेत्यात." आजोबांच्या हयातीतच आपण बौद्ध झालेलो, वस्तीत विहार उभा राहिला होता, मला शाळेत कुणी वेगळं बसवत नव्हतं. ते फळीचं आणि काठीचं सगळं आता गेलं, असं मी समजून चालले होते. त्या दिवसापासून मी गिऱ्हाइकांची तोंडं बघणं सोडलं आणि हात बघायला लागले. कोण सरळ हात पुढं करतो, कोण आधी फळीकडं बघतो, सगळं दिसायला लागलं. तुम्ही ते रोज, प्रत्येक कॅसेटला बघत होतात. मी थोडेच दिवस बघितलं आणि थकले.

आणि ते बागायतदार. गावात सगळे त्यांना मालक म्हणायचे. त्यांच्या मुलांना मामानं पुण्याहून व्हिडिओ गेम आणलेला, त्याच्याबरोबरच्या कॅसेट खेळून खेळून झालेल्या, म्हणून ते स्वतः आले होते. तुम्ही कॅसेट चालवून दाखवली, काढली, पुसली, हात पुढं केला. ते म्हणाले, "ठेव तिथं, घेतो मी." तुम्ही म्हणालात, "फळीवर धूळ हाय मालक. पिना खराब व्हत्यात." "मग पुसून ठेव." "पुसली तरी बसतीच वो. हातात घ्या." आवाज अगदी मऊ, हात तसाच पुढं. रसवंतीवाल्यानं घुंगरांचा चरक थांबवलेला मला आठवतो. मालकांनी स्टँडकडं बघितलं, तुमच्याकडं बघितलं आणि फटफटीला लाथ मारून गेले. तुमचा हात मात्र थोडा वेळ तसाच राहिला, घ्यायला कुणी नसताना. घरी आई जेवली नाही. टपरीची जागा आपली नव्हती, ती उठवायला त्यांचा एक शब्द पुरला असता. "एवढ्याशा डबीपायी उपाशी मारा आमाला," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी टपरी उघडलीत, आणि त्यानंतरही रोज, कुणी जागेची पावती मागायला किंवा दमदाटी करायला येतंय का बघत.

काही बाजार गेले आणि ते परत आले. जवळपास दुसरं कॅसेटचं दुकान नव्हतं, नगरला जायचं म्हणजे अख्खा दिवस, आणि घरी पोरांनी जीव खाल्ला असणार. त्यांनी हात पुढं केला, नजर एसटीच्या पाटीवर ठेवून. तुम्ही कॅसेट त्यांच्या तळहातावर ठेवलीत आणि लगेच सोडली नाहीत. "नीट धरा, पडंल," म्हणालात. त्यांना बोटं मिटावी लागली. ते गेल्यावर तुम्ही मला चहा सांगायला पाठवलंत, आणि पहिल्यांदा माझ्यासाठीही अख्खा कप. त्या वर्षी मी दहावी पास झाले तेव्हा रणगाड्यांची कॅसेट मला कायमची दिलीत. घरातल्या घरात, तरीही म्हणालात, "हात कर म्होरं." ती कॅसेट आहे अजून. लावायला यंत्र नाही.

आता नातवाचं ऐका. ज्याला मी सीडींच्या कपाटाशेजारी झोळीत निजवलं, तो पुण्याला नोकरी करतो आणि त्याच्याकडं ढीगभर गेम आहेत, पण त्यातला एकही हातात धरता येत नाही. टीव्हीच्या पडद्यावरच दुकान उघडतं, बटण दाबलं की गेम घरात. मागच्या सुट्टीत मी त्याला खोदून विचारलं, बाबा रे, तुमचं सगळ्यांचं सीडीच्या डबीशी वाकडं काय आहे? तो हसला. म्हणाला, "आई, सीडीला चरे पडतात, मित्र नेतात ते परत देत नाहीत, खोली बदलताना खोकी वाहावी लागतात. नव्या मशीनला सीडी घालायला फटच नाही. आणि सेल लागला की अर्ध्या किमतीत मिळतात, पायात चप्पल न घालता." मी म्हटलं, पण तो तुझा असतो का? उद्या त्यांनी काढून घेतला तर? तो म्हणाला, "एक गेला तसा. वाईट वाटलं." मी म्हटलं, आमच्या कॅसेट तर भाड्याच्या, पण घरी असेपर्यंत तरी त्या नेणाऱ्याच्या असायच्या. मग तो म्हणाला, "शिवाय तिथं कुणी आडनाव विचारत नाही गं. मागची खोली घेताना घरमालकानं तीनदा विचारलं."

तेव्हा मी त्याला त्या बागायतदार मालकांची गोष्ट सांगितली. इतकी वर्षं सांगितली नव्हती, कशाला उगीच पोराच्या डोक्यात, म्हणून. त्यानं शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाला, "असलं दुकान तेव्हा असतं, तर आजोबांना असा हात पुढं करून उभं राहावं लागलं नसतं." मी म्हटलं, "आणि त्या माणसालाही हात पुढं करावा लागला नसता. बसल्या जागी मिळालं असतं सगळं." "हो," तो म्हणाला, "तेही आहेच." मी अजूनही त्यातच अडकले आहे, दादा. त्याचं खोटं म्हणता येत नाही आणि माझंही सोडवत नाही. जाताना त्यानं आपलं एक मशीन माझ्याकडं ठेवलं, मला टीव्हीवर त्याचं दुकान उघडून दिलं आणि तसलाच एक जुना रणगाड्यांचा गेम घेऊन दिला. तो गेल्यावर मी एकटीच खेळले. समोर कुणी नव्हतं, कुणाचे हात बघायचे नव्हते. मला बरं वाटलं. अगदी खरं सांगते, फार बरं वाटलं, आणि वाटलं की तुम्हाला एक दिवस तरी असं बसायला मिळायला हवं होतं.

म्हणून आज बंद केलं. कपाट भंगारात दिलं, टीव्ही कुणी घेतला नाही. खोडरबर पर्समध्ये आहे, का ते विचारू नका. दुपारी गाळ्याच्या मालकाकडं किल्ली द्यायला गेले. पोरगाच आहे, माझ्या पोराएवढा, स्वभावानं चांगला, भाड्यासाठी कधी तगादा लावला नाही. तो मोबाईलमध्ये काहीतरी खेळत होता, मान वर न करताच म्हणाला, "ठेवा ना काकू टेबलावर." त्याच्या मनात तसलं काही नव्हतं, हे मला कळत होतं. घराघरात सगळे असंच म्हणतात आता. किल्ली ठेवायची आणि निघायचं, एवढंच होतं. गुडघा दुखत होता. तरी मी हात पुढं करून उभी राहिले. त्यानं वर बघितलं, माझ्या हाताकडं बघितलं, त्याला काही कळेना.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून सांगून टाकते. मी त्याला म्हणाले, टेबलावर धूळ आहे, हातात घे. त्यानं मोबाईल खाली ठेवला आणि घेतली. टेबल अगदी स्वच्छ होतं, दादा.