परसातलं ऊन

प्रिय अर्नेस्टीन,

तू म्हणशील, "चार गल्ल्या पलीकडे राहतेस आणि पत्र कसलं लिहितेस, बाई? कोणी गेलं का?" कोणी गेलेलं नाही. पण फोनवर हे मला जमलं नसतं. दर रविवारी माइकसमोर बसून बसून माझा आवाज इतका सराईत झालाय की तो काहीही पटवून देतो, मलासुद्धा. म्हणून आज त्याला रजा दिली आहे. शेवटपर्यंत वाच. मध्येच चिडून फेकून दिलंस तरी पुन्हा उचल, कारण शेवटची गोष्ट तुझ्या आईची आहे आणि ती गुरुवारच्या आत तुला कळायला हवी.

आधी साधी बातमी. यंदा टोमॅटो नुसते लगडलेत. क्लेमंटने लावलेल्या जातीचेच, ते फुगीर, वेडेवाकडे. मागच्या व्हरांड्यात बसलं की समोर तेच दिसतात. त्या व्हरांड्याचं आणि माझं काय आहे ते तुझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही. आमच्या संसाराच्या शेवटच्या उन्हाळ्यात क्लेमंट रोज सकाळी तिथल्या खुर्चीत बसायचा, अंगावर शाल, आणि विचारायचा, "ऊन आलं का गं?" मी सांगायची, आलं. तो गेल्यावर तू चवळीचं भांडं घेऊन यायचीस आणि दटावायचीस, "खा मुकाट्याने, नाहीतर इथे बसून गाणं म्हणेन." तुझं गाणं टाळायला मी जेवायची. जगले ती त्यामुळेच.

आणि आपला कार्यक्रम. 'दोघी आणि देश.' तळघरातल्या त्या पडक्या रेडिओ केंद्रातून आपण वॉशिंग्टनचा कान धरला, ओहायोच्या विधानसभेचा धरला, न्यायाधीशांना सोडलं नाही, शेरीफला तर नाहीच नाही. या उन्हाळ्यातच बघ ना. शाळांतून काढून टाकलेल्या पुस्तकांवर बोललो, गाड्या धुण्याच्या केंद्रावरून तोंडं झाकलेल्या इमिग्रेशनच्या लोकांनी उचलून नेलेल्या त्या बापलेकांवर बोललो. तू लोकांना हसवायचीस, मी त्यांना शहाणं करायची, असं निदान मला वाटायचं. एकदा तू म्हणालीस, "नॅडीन, तू बोलतेस तेव्हा वाटतं, हा देश दुसऱ्याच कोणीतरी बिघडवलाय आणि आपण नुसत्या पाहायला आलोय." मी हसले होते. तेव्हा लागलं नव्हतं, आता लागतं.

तुझी आई, आपली मिस लुएला, कशी आहे हे मी तुला रोज विचारते आणि तू रोज म्हणतेस, "आहे. खिडकीत." त्र्याऐंशी वर्षांची बाई, गुडघे गेलेले, आणि तुझं घर दुसऱ्या मजल्यावर. रविवारी चर्चला जाण्यापुरतं तिला दोघातिघांनी धरून उतरवायचं आणि मग आठवडाभर खिडकी. जिच्याशी बोलल्याशिवाय या गल्लीतून पोस्टमन पुढे सरकत नव्हता, तिला रस्त्यावरच्या माणसांना आता वरून हाका माराव्या लागतात. तिचं स्वतःचं घर हमरस्त्याने गिळलं. "चौथ्या मार्गिकेत माझा ओव्हन होता," असं ती अजून सांगते आणि गाडीतून तिथून जाताना न चुकता नाकाने वास घेते. म्हणून त्या नव्या इमारतीची बातमी आली तेव्हा आपण दोघी तुझ्या स्वयंपाकघरात नाचलो होतो. ज्यांची घरं हमरस्त्यात गेली त्यांना पहिला हक्क, भाडं पेलेल एवढंच, आणि मिस लुएलाला तळमजला, रस्त्यावर उघडणारं दार. तिने दारासमोर कुठली खुर्ची ठेवायची तेही ठरवून टाकलं होतं.

जागा माझ्या घरामागची. ड्रेकचं जुनं किराणा दुकान, वर्षानुवर्षं बंद पडलेलं, ते पाडून तिथे चार मजले. त्या दुकानाची गोष्ट मिस लुएलाने दोन वर्षांपूर्वी आपल्याच कार्यक्रमात सांगितली होती. ड्रेक काळ्या बाईला गल्ल्यावर बसवत नव्हता, म्हणून ती विशीतली पोर झाडूच्या दांड्याला पुठ्ठा बांधून दारात उभी राहिली, नोव्हेंबरच्या थंडीत. पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, 'पैसे आमचे चालतात, मग मोजायला आमचा हात का नको?' ड्रेकने फुटपाथवर पाण्याचा पाइप सोडला. तिने कडेवरच्या तुला कोटाच्या आत घेतलं आणि जागची हलली नाही. पुढे त्याच गल्ल्यावर तिने उमेदीची वर्षं काढली. ऐकताना मी माइकसमोर रडले होते. श्रोत्यांचे किती फोन आले होते, आठवतं?

मग जूनमध्ये नगर परिषदेकडे ती हरकत आली. 'कार्व्हर हिल शेजार मंडळ' असं गुळमुळीत नाव आणि मागणी अशी की, हे दुकान म्हणजे काळ्या माणसांच्या लढ्याचा वारसा आहे, त्याला धक्का लावता कामा नये. झाडूचा दांडा, पाइप, कोट, सगळं त्यात होतं. काम थांबलं. शरद ऋतूच्या आत पाया खणला नाही तर राज्याने दिलेला पैसा परत जाणार आणि इमारतही जाणार, हे तूच मला समजावून सांगितलंस. पुढच्या रविवारी तू माइकवर विचारलंस, "हे लोक आहेत तरी कोण? माझ्या आईची आठवण उचलून माझ्याच आईच्या दाराला कुलूप लावणारे?" मी समोर बसले होते. मी म्हणाले, "नावं जाहीर झाली पाहिजेत." माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. नंतर गाडीत तू रडलीस. म्हणालीस, "चूक माझीच. मीच आईला माइकसमोर बसवलं. हे तिला कधी कळता कामा नये, नॅडीन, काळीज फाटेल तिचं." मी तुझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "तुझा काय दोष?" त्या दिवशी मी बोललेलं तेवढं एक वाक्य खरं होतं.

त्या मंडळाची बैठक माझ्या स्वयंपाकघरात झाली, अर्नेस्टीन. त्याच टेबलाशी, जिथे तू मला चवळी भरवलीस. शेजारचा प्रेस्टन, तो दाताचा डॉक्टर, आणि गल्लीतली आणखी चारपाच घरं. सगळे आपल्या बाजूचे, सगळ्यांच्या अंगणात माझ्यासारखीच 'इथे सर्वांचं स्वागत आहे' अशी पाटी. बिचारे चाचपडत होते. एकजण म्हणाला सावली पडेल, दुसरी म्हणाली गाड्या कुठे लावायच्या. प्रेस्टन म्हणाला, "आपण असल्या इमारतींच्या विरोधात मुळीच नाही, फक्त ही या जागी नको." आणि मी, जन्मभर शाळेत पोरांना नागरिकशास्त्र शिकवलेली बाई, त्यांना म्हणाले, "सावलीबिवलीचं तोंडातून काढू नका, नगर परिषद हसेल. इतिहासाचं बोला. इतिहासाला नाही म्हणायची कोणाची छाती नाही." मग मी त्यांना मिस लुएलाची गोष्ट सांगितली. कॉफी ओतता ओतता. हरकतीचा मसुदाही मीच सांगितला, प्रेस्टनने नुसता टंकला. तो आभार मानायला लागला तेव्हा मी वर त्याला केक दिला.

कारण विचारशील. ऊन. चार मजले उभे राहिले की सकाळचं ऊन व्हरांड्यात येत नाही, मी नकाशावर बोट फिरवून पाहिलं होतं. क्लेमंटच्या खुर्चीवरचं ऊन. हे ऐकून तुला माझी कीव येईल, आणि तीच तर लबाडी आहे, कारण ते खरं असलं तरी पुरतं खरं नाही. मला गर्दी नको होती. दारासमोर गाडी लावायला जागा हवी होती. तिथे नेमकं कोण राहायला येणार हे मला ठाऊक होतं, मिस लुएलाचं नाव पक्कं झालंय हेही ठाऊक होतं, आणि तरी मी स्वतःला समजावलं की तिला दुसरीकडे कुठेतरी मिळेलच. देशभरातल्या न्यायाबद्दल मी इतकी वर्षं बोलले, पण त्यापायी माझ्या परसातलं काही कधी गेलं नव्हतं. पहिल्यांदा जायची वेळ आली आणि मी काय केलं ते तुझ्यासमोर आहे. मला लाज वाटते. सकाळी त्या व्हरांड्यात बसवत नाही, ऊन येतं आणि मी आत निघून जाते. ती पाटी मी मागच्याच आठवड्यात उपटली. शेजारीण म्हणाली, "रंगवायला काढलीस का?" मी हो म्हणाले. बघ, अजून खोटंच बोलते.

प्रेस्टनकडे जाऊन मी सांगितलं, हे मागे घ्या. तो म्हणाला, "आता? तूच तर शिकवलंस." हरकत मंडळाची आहे, माझ्या एकटीच्या नाव काढून घेण्याने ती पडत नाही. इतकी पक्की मीच बांधून दिली होती. गुरुवारी नगर परिषदेत या हरकतीवर सुनावणी आहे, तिथे मी उभी राहून, वाट्याला आलेल्या तीन मिनिटांत, हे सगळं भर सभेत सांगणार आहे. तू तिथे इमारतीच्या बाजूने बोलायला येणार, तेव्हा तिथेच तुला कळेल आणि आपलं व्हायचं ते होईल, असं मी ठरवलं होतं. तेही सोयीचंच होतं, सभेत तुला माझ्यावर धड ओरडताही आलं नसतं.

पण आज सकाळी मिस लुएलाचा फोन आला. तू कामावर गेल्यावर, हळू आवाजात. प्रेस्टनने चर्चमधून नंबर मिळवून तिला गोड गोड बोलून सभेला बोलावलंय, ड्रेकच्या दुकानाची गोष्ट सांगायला. तिला वाटतंय हा तिचा सत्कार आहे. म्हणाली, "नॅडीन पोरी, गाडी घेऊन ये. अर्नेस्टीनला बोलू नकोस, ती मला जिना उतरू देणार नाही. मी जांभळी हॅट घालणार आहे. तिला तिथे अचानक दिसेन ना, तेव्हा तिचं तोंड बघायचंय मला." मी हो म्हणाले, अर्नेस्टीन. तिला स्वतःच्याच दाराविरुद्ध साक्ष द्यायला मी नेणार नाही, आणि तुझ्या पाठीमागे तर नाहीच, म्हणून हे पत्र. उद्या संध्याकाळी तुम्ही दोघी घरी असाल तेव्हा मी येते. तिला मीच सांगेन, तुझ्यासमोर. मग गुरुवारी यायचं की नाही आणि आली तर काय बोलायचं, ते तिचं ती ठरवेल, मी एक शब्द सुचवणार नाही. तिचे शब्द मी एकदा चोरलेत. तू दार उघडलं नाहीस तर मी जिन्यावर बसून राहीन. फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "आणि हो, ते तुझे टोमॅटो आण गं थोडे. तुझ्या परसात ऊन छान लागतं, म्हणून गोड होतात." टोमॅटो तोडून पिशवीत भरून ठेवलेत. पिशवी त्याच टेबलावर आहे. सकाळपासून मला ती उचलवत नाही.

अजून म्हणू देशील तर, तुझीच
नॅडीन