चौथा पेला

रविवार, १८ नोव्हेंबर २०१८

काय झालं ते:
१. दादाची मेस्कालची, म्हणजे मेक्सिकन दारूची, बाटली आज उघडली.
२. चव घ्यायला तिघं होतो: मी, ऑफिसातली नम्रता आणि दादाचा मित्र दिगंबर.
३. मी पेले चार भरले.
४. नम्रताने चौथ्या पेल्याकडे पाहिलं.
५. मी सांगितलं, चौथा कंट्रोल सॅम्पल आहे.

हे खरंच आहे. मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, तुलनेला एक न हाताळलेला नमुना लागतोच. दिगंबरने डोळे पुसले. मेस्काल तिखट असते.

नोंद: रंग पाण्यासारखा. चव आधी गोडसर, मग मातकट. वास धुराचा, आणि तो जात नाही.

दादाने ही ऑनसाइटहून, मेक्सिकोहून आणली होती. म्हणाला होता, "चांगली आहे आणि स्वस्तही आहे, म्हणजे नारायण पेठेसाठीच काढलीय. दिवाळीत उघडू." गेल्या वर्षी दिवाळीआधीच डेंगीने गेला.

योजना: ऑफिसच्या ग्रीन क्लबच्या, म्हणजे पर्यावरणवाल्यांच्या, न्यूजलेटरसाठी परीक्षण लिहायचं, बाटली संपवायची, दादाची खोली रिकामी करायची. एक डिसेंबरपासून आई ती अक्षताला भाड्याने देते आहे. यवतमाळची मुलगी, हिंजवडीत नोकरी लागलीय. माझी काहीच हरकत नाही.

सोमवार, १९ नोव्हेंबर

आईने लेबलावरचं चित्र पाहिलं. "ही घायपात ना गं? रेल्वेच्या कडेला असते ती? तिचे दोर वळायचे. आता पितात होय?"

समजावून सांगितलं. खड्ड्यात लाकडांवर भाजतात, मग आंबवतात. झाड काढलं की नवी रोपं लावतात, चोथ्याच्या विटा पाडतात. काही झाडं मुद्दाम फुलायला सोडतात. ती एकदाच फुलतात आणि मरतात. आई म्हणाली, "झाडांचं एवढं कळतं, तर गॅलरीतल्या तुळशीला पाणी कोण घालणार?"

झाडाच्या माहितीतून भावनिक अर्थ काढू नये.

चौथा पेला दादाच्या टेबलावर ठेवला आहे. ओतून देणं सस्टेनेबल नाही.

बुधवार, २१ नोव्हेंबर

पेल्यातली पातळी उतरली आहे. बाष्पीभवन. वर बशी झाकली.

खोली आवरायला घेतली. दादाचे शर्ट कपाटातून काढले, नीट घड्या घातल्या आणि परत कपाटात ठेवले. सामान तपासणं हा आवरण्याचाच भाग आहे.

परीक्षण सुरू केलं. "धुराचा वास आवडणाऱ्यांना..." पुढचं उद्या.

शुक्रवार, २३ नोव्हेंबर

बशी जागेवर. पातळी आणखी खाली. झाकलेल्या पेल्यातून इतकं उडत नाही.

खुर्ची टेबलापासून सरकलेली होती, कोणी नुकतंच उठून गेल्यासारखी. सकाळी मी ती आत ढकलली होती. ढकलली नसेलही.

भुतं नसतात. पेला पुन्हा भरला. टेस्ट बिघडली की ती पहिल्यापासून घ्यायची असते.

नम्रताला फोन केला. तिने विचारलं, मी येऊ का दोन दिवस राहायला? कशाला, म्हटलं. "मग निदान बोल तरी, बाई." म्हटलं, बोलतेच आहे की, पातळीबद्दल. फोन तिकडून कट झाला. नेटवर्क खराब असावं.

रविवार, २५ नोव्हेंबर

पातळी पुन्हा खाली. खोलीत शिरताना दारावर टकटक केली. जुनी सवय. चहाही जास्तीचा झाला. तो मी नंतर प्यायले, गार.

दुपारी अक्षता खोली बघायला आली. दारातच थांबली. "ताई, धुराचा वास येऊन राहिला इथं. कोणी राहते का?"

मी म्हटलं, नाही. मग म्हटलं, अजून नक्की नाही.

ती गेल्यावर आई म्हणाली, "दोन्ही उत्तरं दिलीस ते बरं केलंस. पोरीला निवडायला सोपं."

परीक्षण: एक वाक्य. तेच.

मंगळवार, २७ नोव्हेंबर

उलगडा झाला.

ऑफिसातून लवकर आले. दादाच्या खोलीत, दादाच्या खुर्चीवर आई बसली होती. एका हातात पेला, दुसऱ्या हाताने नाक चिमटीत धरलेलं. जन्मात कधी दारूला शिवली नाही ती.

मला पाहून दचकलीसुद्धा नाही. "बघतेस काय? तुम्ही तिघं प्यायलात, चौथा भरून ठेवलात. मला कोणी विचारलं? माझा मुलगा होता तो."

कशी लागते, मी विचारलं.

"बंबातल्या पाण्यासारखी. लहानपणी त्याच पाण्याने आंघोळ घालायचे त्याला. दिवसभर केसांना धुराचा वास. रोज एक घोट घेते, औषधासारखा."

म्हणजे पातळी, खुर्ची, सगळ्याचं कारण मिळालं. बग सापडला की मला बरं वाटतं. आज मी आईवर ओरडले. सॅम्पल बिघडवलंस, म्हणून. रस्त्यावर ऐकू जाईल इतकी ओरडले.

आईने पेला टेबलावर ठेवला. बशी झाकली. मग म्हणाली, "तो नाही, मी निघाले, याचा राग आला ना तुला?"

मी पेल्यातली पातळी नोंदवली. प्रश्न तांत्रिक नव्हता.

बुधवार, २८ नोव्हेंबर

परीक्षण पाठवलं नाही. बाटली अर्धी आहे. कपाट भरलेलं आहे, घड्या उत्तम.

आई सकाळी म्हणाली, "अक्षताला हो म्हणू की नको, ते तू सांग. मला भाडेकरूची हौस नाही. तू रोज त्या दारासमोर उभी राहतेस, ते मला बघवत नाही, म्हणून देतेय."

मी म्हटलं, विचारून सांगते.

कोणाला, असं आईने विचारलं नाही. पोळ्या लाटत राहिली.

दादा,
तुझी खोली शनिवारपासून अक्षताला द्यायचं चाललं आहे. मुलगी बरी वाटते. तुझे शर्ट मी माझ्या कपाटात ठेवीन. तुला चालेल का? शुक्रवारपर्यंत कळव.
उत्कर्षा