गिरजाची दुसरी मुडी

४ मे १९१८, गुंद
आज शाळेत चुलीवर मडकं चढवलं! पाण्यात मूठभर लाकडाचा भुसा. पाणी तापलं तसा भुसा वर आला, फिरला, पुन्हा खाली गेला. पोरांना म्हटलं, "समुद्रातही असेच प्रवाह असतात. ऊन पाणी जिकडे वाहील तिकडची हवा बदलते. वारा तिथलीच वाफ आणून आपल्या घाटावर ओततो."

पोरांपेक्षा गिरजाच मन लावून ऐकत होती. शेजारीण, ताक द्यायला आली होती. लोटा विसरून गेली.

२३ मे
पावसाने झोडपलं — मे महिन्यात! गिरजाने कुंपणावरून विचारलं, "मास्तर, ह्यो खरा पाऊस हाय का वळवाचा?"

शिमग्याला कारवारात एक खलाशी म्हणाला होता, यंदा समुद्राचं पाणी फार ऊन लागतंय. तेवढ्यावर मी शहाणपण पाजळलं. "समुद्र तापलाय. आता पाऊस थांबायचा नाही!" छाती फुगली होती माझी, खोटं कशाला लिहू.

२६ मे
गिरजाने दुसरी मुडीही सोडून पेरली.

माझ्या खानापुराकडे असं बघितलं नव्हतं. इथे बियाण्याचं भात पेंढ्यात घट्ट बांधून दोन मुड्या करतात. पहिली पेरायची. ती रुजून शेत हिरवं दिसलं, देवापुढे दिवा लावून विचारलं, की मगच दुसरीला हात. तिचा नवरा म्हादू अडवत होता — "देवाला तरी इचार!" तर ही म्हणाली, "मास्तरांनी समुद्र बघितलाय."

हे ऐकून मला बरं वाटलं.

२ जुलै
ऊन. नुसतं ऊन.

२१ जुलै
गिरजाच्या शेतातले कोंब जळाले. बाकीच्यांनी दुसरी मुडी राखली होती. ओढ्याच्या ओलीवर त्यांनी थोडी रोपं धरली. हिच्याकडे पेरायला दाणा नाही.

बेळगावचं वर्तमानपत्र हाती आलं. आपला पाऊस म्हणे कुठल्या कुठल्या दूरच्या समुद्रांवर अवलंबून, त्याचा अंदाज भल्याभल्यांना लागत नाही. आणि मी एका मडक्याच्या जोरावर बोललो! "मला ठाऊक नाही" एवढं म्हणायला काय झालं होतं?

३० ऑगस्ट
म्हादू पोटासाठी अणशीच्या रानात लाकूडतोडीला गेला. गिरजा कंद उकडून खाते. थोडे तांदूळ घेऊन गेलो, तर मला पाहून तिने दार लावून घेतलं.

बरोबरच केलं.

११ नोव्हेंबर
म्हादू गेला. ती नवी तापाची साथ — तिकडेच, रानात. आज निरोप आला.

घरी भात असतं तर तो गेलाच नसता तिकडे. माझ्या जिभेने मारलं त्याला. गिरजाच्या दारापर्यंत गेलो, हे सांगायलाच गेलो होतो. बायकांचं रडणं ऐकलं आणि पळून आलो. भेकड!

८ मे १९१९
आज गिरजा आपणहून आली. डोक्यावर नवी मुडी, माहेरून आणलेली. ओट्यावर उतरवली आणि खाली बघत म्हणाली, "मास्तर, तुमचा समुद्र खरं तेच बोलला हुता. म्याच देवाला न इचारता मुडी सोडली. म्हणून समदं जळालं, माझा माणूस गेला. कोणत्या तोंडानं दार उघडणार हुते तुम्हास्नी?"

तिने मान वर केली.

"औंदा देवाला इचारलंय. आता तुम्ही सांगा, समुद्र काय म्हणतोय?"