सासूबाईंच्या आधार कार्डावर दहा टक्के

सोम. ८ जाने.
कंपनी बंद होऊन पाच महिने झाले. शिफ्टचं लॉगबुक लिहायची सवय सुटत नाही म्हणून ही वही.
सकाळी सुनंदाने शाळेत शिकवायला जाता जाता पिशवी माझ्या हातात दिली. "अहो, किराणा आजपासून तुमच्याकडे. शाळा बघू, ऋतुजाची बारावी बघू की डाळ-तांदूळ?" सोबत वर्तमानपत्राचं अर्धं पान. पेणला नवीन मार्ट निघालाय, त्याची कूपनं. कापायची, दाखवायची, तेवढे पैसे कमी.
कापायला बसलो. समोर खुर्चीत सा. (सासूबाई. पूर्ण लिहायची इच्छा नाही.) तीन वर्षांपूर्वी पाय मोडला म्हणून पेणहून पंधरा दिवसांसाठी आल्या. अजून आहेत. सु. शाळेत, पोरगी क्लासला, दिवसभर घरात आम्ही दोघंच. माझ्या हाताकडे बघत होत्या. म्हणाल्या, "कागुद कापून घर चालतं व्हय?"
चहाचं कूपन वाकडं कापलं गेलं. त्यांच्यामुळे.

बुध. १० जाने.
सकाळच्या गाडीने रोह्याहून पेण. मार्टमध्ये थंडगार हवा, गाणी लावलेली. नऊ कूपनं नेली होती. चाललं एक. चहाचं अर्ध्या किलोच्या पुड्यालाच लागू. तेलाची तारीख काल संपली. साबणाचं चाललं असतं, पण एका बिलावर एकच, असं मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत. काउंटरवरची मुलगी: "काका, वाचून यायचं ना." बावीस वर्षं प्लँट चालवला. ही मला वाचायला शिकवणार.
माझ्या पुढे एक म्हातारं जोडपं. त्यांच्या अख्ख्या बिलावर दहा टक्के कमी. मी विचारलं, हे कसं? मुलगी म्हणाली, ज्येष्ठ बुधवार. साठीच्या वरचं माणूस आधार कार्ड घेऊन स्वतः काउंटरवर पाहिजे. "तुमचं वय किती?" चोपन्न. "मग घरात कोणी आहे का साठीच्या वरचं?"
आहे. दुर्दैवाने.

गुरु. ११ जाने.
दुपारी विषय काढला. "आई, दर बुधवारी पेणला याल का माझ्याबरोबर? मार्टमध्ये नुसतं उभं राहायचं."
"मी काय पिशवी हाय, बरुबर न्यायला?"
"पिशवीला दहा टक्के मिळत नाहीत."
त्यानंतर दोन तास बोलणं नाही. चांगले गेले.
संध्याकाळी सु.ला सांगितलं. वाटलं खूश होईल. तर पोळपाट बाजूला ठेवून म्हणाली, "तिला पेणला नेऊ नका." का? "नका नेऊ म्हणते ना." कूपनं हिनेच फाडून दिली होती. आता नको म्हणे. या मायलेकींचं...

सोम. १५ जाने.
संक्रांत. सा.नी तिळगूळ दिला. गोड बोला म्हणाल्या नाहीत. मीही नाही.
मग अचानक, "येते मी बुधवारी. पण माल भरून झाला की एक तास माझा. तुम्ही यायचं नाय बरुबर."
"कुठे जाणार?"
"ते तुमाला काय करायचंय?"
काही नाही. दहा टक्क्यांशी मतलब.

बुध. १७ जाने.
गेलो एकदाचे. गाडीत खिडकी त्यांनी घेतली. नागोठण्यापर्यंत डोळे मिटून. पेणच्या आधीचं कासू स्टेशन आल्यावर उठून उभ्या राहिल्या, म्हटलं अजून वेळ आहे. "मला ठाऊक हाय पेण कुठं हाय ते." पेणपर्यंत उभ्याच. दांडी धरून. पाय दुखत असणार. दुखो.
मार्टमध्ये तमाशा. तूरडाळीच्या पाकिटाला नखाने भोक पाडून वास घेतला. पोऱ्या धावत आला, आजी, असं नाही करायचं. "मग वास कसा घ्यायचा? तोंड बघून?" वाल बघून म्हणाल्या, हे मेलेले वाल हायत.
काउंटरवर तीच मुलगी. कार्ड बघितलं, चेहरा बघितला. मला विचारलं, "तुमची आई?"
"नाही." "नाय." दोघं एकदम.
दहा टक्के मिळाले मात्र. शिवाय बिलाखाली पुढच्या बुधवारचं तेलाचं कूपन छापून आलं.
नंतर त्या रिक्षात बसून गेल्या. मी स्टेशनवर तीन पिशव्या सांभाळत. तास म्हणाल्या होत्या, चाळीस मिनिटांत परत. कुठे गेला होता विचारलं. "देवळात." कपाळ कोरडं. अंगाऱ्याचं बोटसुद्धा नाही.

शनि. २० जाने.
सु.ने बिल दोनदा वाचलं आणि परत पिशवीत टाकलं. पण दोन बुधवार असेच साधले तर ऋतुजाच्या क्लासचं जमेल, हे मीच म्हणालो आणि तिने मान हलवली.
कूपनांचं आता कळायला लागलंय. तारीख आधी बघायची. स्वस्त आहे म्हणून नको ती वस्तू उचलायची नाही. (मागच्या वेळी दोन टूथब्रशवर एक फुकट. घरात आता अकरा.) एकावर एकच, म्हणून बिलं दोन करायची, एक माझं, एक त्यांचं.
सा. म्हणतात डाळ शिजत नाय. शिजते. त्यांना शिजवायची नाही.
नवीन कटकट: वर्तमानपत्र माझ्या आधी उठून त्या घेतात आणि कूपनं फाडून उशीखाली ठेवतात. मागितली तर, "माझ्या कार्डावर मिळतात. माझी हायत." फाडतातही हातानेच. आज त्यात अर्धं शब्दकोडं गेलं.

बुध. २४ जाने.
माल लवकर झाला. त्या रिक्षाने गेल्या. पिशव्या मार्टच्या पोऱ्याकडे ठेवल्या आणि मागच्या रिक्षात बसलो. तीन बुधवार झाले पेणला येतोय, मला कळायला हवं.
देऊळ वगैरे काही नाही. रमेशच्या गल्लीत. रमेश म्हणजे सु.चा भाऊ, ह्यांचा एकुलता मुलगा. खाली गणपतीचा कारखाना, वर राहतो. घर वारलेल्या सासऱ्यांनी बांधलेलं. तीन वर्षं मला एकच ऐकवतोय, "भावजी, गणपती गेले की आईला नेतो."
सा. आत गेल्या नाहीत. समोरच्या फुलवाल्याच्या टपरीला टेकून उभ्या राहिल्या. नुसत्या उभ्या. रमेशची बायको वर गॅलरीत कपडे वाळत घालायला आली, तिने बघितलं. नक्की बघितलं. बादली उचलून आत गेली. दार लावलं.
मला दया आली असं नाही. राग आला. माझ्या घरात तीन वर्षं माझं डोकं खाणारी बाई दुसऱ्याच्या दारात अशी उभी का राहते?
मार्टमधून पिशव्या घेऊन त्यांच्या आधी स्टेशनला पोचलो. आल्यावर विचारलं. "देवळात."

शुक्र. २६ जाने.
झेंडावंदन करून सु. घरी आली तेव्हा सा. शेजारी गेल्या होत्या. सगळं सांगितलं. सु. खुर्चीत बसली.
"तिची खोली राहिली नाही तिथे. रमेशने मूर्ती भरल्यात. छतापर्यंत. खाटही काढून टाकली."
कधी?
"दोन वर्षं झाली."
"आणि मला आज सांगतेस?"
"आधी सांगून काय झालं असतं? भांडायला गेला असतात. तिच्यासाठी नाही, तिला परत पाठवायला."
खोटं नाही. गेलो असतो. पण असं तोंडावर...
म्हणून नेऊ नका म्हणत होती. आईला कळू नये म्हणून. आईला घर आहे असं वाटत राहावं म्हणून मी तीन वर्षं हे सोसायचं. वा.

बुध. ३१ जाने.
सगळं वेडंवाकडं झालं. क्रमाने लिहितो.
आज आधी मार्टला गेलोच नाही. स्टेशनवरून रिक्षा सरळ रमेशकडे. सा. ओरडत होत्या, कुठं नेता, थांबवा. थांबवली नाही.
रमेश हातात ब्रश घेऊन बाहेर आला. "भावजी! आई! या ना, चहा टाकायला सांगतो."
"चहा नको. आईंची खोली बघायची आहे."
"आत्ता? पसारा आहे हो. सीझनचं काम..."
मी गेलो आणि मागचं दार उघडलं. पांढऱ्या मूर्ती, बिनरंगाच्या. फळ्यांवर फळ्या, जमिनीपासून वरपर्यंत. खिडकीसुद्धा दिसत नव्हती. रंगाचा वास.
सा. उंबऱ्यापाशी आल्या. आत पाय टाकायला जागा नव्हतीच.
"माझा कपाट कुठं हाय?"
"माळ्यावर आहे, आई."
"नी खाट?"
रमेशने बायकोकडे बघितलं. ती जिन्यात उभी होती. "वाळवी लागली होती तिला, आई."
"सागाची व्हती."
एवढंच. पदर खोचला आणि चालायला लागल्या. रमेश मागून, गणपती गेले की, आई, शप्पथ. मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. कामगार सगळे ऐकत होते.
गल्लीच्या तोंडाशी सा. माझ्यावर वळल्या. "तुमाला कोणी सांगितलं व्हतं दार उघडायला?"
"तुम्हाला कळायला हवं होतं."
"मला ठाऊक व्हतं. रमेशच्या शेजारची पमी फोन करते मला. ठाऊक व्हतं म्हणून तर आत जात नव्हते."
"मग दर बुधवारी तिथे उभं राहून काय करत होता?"
"घर बघत व्हते. भायेरून माझंच हाय ते."
रिक्षावाला ऐकत होता. मी त्याला म्हटलं स्टेशन. मार्टला गेलो नाही. मागच्या बुधवारी पुन्हा मिळालेलं तेलाचं कूपन आजचं होतं, गेलं.

शुक्र. २ फेब्रु.
सा. माझ्यासमोर जेवत नाहीत. ताट घेऊन आत जातात. वर्तमानपत्र टेबलावर तसंच असतं, कूपनांसकट. मी कापत नाही.
सु. बोलते ती फक्त कामापुरती. मीठ संपलंय, साखर आणा. इथल्याच दुकानातून आणली. मार्टपेक्षा महाग, आणि वजन करताना दुकानदार म्हणतो, बऱ्याच दिवसांनी आठवण झाली.
रमेशचा फोन. एका मांडणीची जागा करतो म्हणाला, आई तिथे झोपेल. मूर्तींच्या मधे. मी फोन सु.कडे दिला. ती गॅलरीत जाऊन बोलली, डोळे पुसत आली. काय ठरलं ते सांगितलं नाही.
खरं लिहायचं तर, दार उघडलं तेव्हा मला वाटलं होतं की रमेशला लाज वाटेल आणि तो ह्यांना ठेवून घेईल. त्याच दिवशी. पिशव्या घेऊन मी एकटाच परत येईन. त्यांच्यासाठी म्हणून काही उघडलं नव्हतं मी.

मंगळ. ६ फेब्रु.
संध्याकाळी टी.व्ही. बघता बघता, माझ्याकडे न बघता: "उद्या बुधवार."
"हो."
"तेल संपत आलाय."
"हो."
सु. वह्या तपासत होती, तिने मान वर केली आणि परत खाली घातली.

बुध. ७ फेब्रु.
गेलो. मार्टमध्ये त्यांनी एकही पाकीट फोडलं नाही, वास घेतला नाही. मी टाकेन ते टाकू दिलं. वालसुद्धा. त्यापेक्षा तमाशा परवडला असता.
काउंटरवर मुलीने सांगितलं, या महिन्यापासून नियम बदलला. ज्येष्ठांचं वेगळं कार्ड काढायचं, मग दहाचे बारा टक्के, आणि कूपनांचं पुस्तक दर महिन्याला पोस्टाने घरी. फॉर्म पुढे केला. नाव मी लिहिलं. जन्मतारीख आधारवरून. मग खाली चौकट: सध्याचा पत्ता.
"आधारवर पेणचा आहे," मुलगी म्हणाली. "तोच लिहू? पुस्तक तिकडे जाईल पण."
मी सा.कडे बघितलं. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या.
"काय लिहू, आई?"
"मी सांगायचं?"
आमच्या घरचा पत्ता: अष्टमी, रोहा. दोन शब्द. बिलं, शाळेचे फॉर्म, कंपनीचे कागद, शेकडो वेळा लिहिलेत. हात हलला नाही. त्याही सांगेनात. तोंडातून एक शब्द काढला असता तर मी लिहिला असता. बहुतेक लिहिला असता.
मागून कोणीतरी, "आजोबा, आटपा की." आजोबा म्हणजे मी.
मुलगी म्हणाली, राहू दे, घरून भरून आणा, पुढच्या बुधवारी द्या. आजचे दहा टक्के देते.
बाहेर आलो. गाडीला वेळ होता. रिक्षावाला पुढे आला, कुठे जायचं विचारलं. सा. म्हणाल्या, "यांना विचार."
मी स्टेशन म्हणालो. त्या बसल्या. तेलाचा डबा त्यांनीच मांडीवर घेतला, मी मागितला तरी दिला नाही.
रात्रीचे दहा वाजलेत. सु.ने फॉर्म वाचला, घडी घातली, पुन्हा उघडून टेबलावर ठेवला, पत्त्याची चौकट रिकामीच. सा. आत आहेत, जाग्या आहेत, खोकल्याचा आवाज येतोय. बुधवारपर्यंत सात दिवस.