सासूबाईंच्या जांभळ्या बटाट्यांविषयी

कास्त्रोजवळच्या आपल्या घरातून,
२० ऑक्टोबर

तीर्थरूप एदेलमिराताई,

साष्टांग नमस्कारासाठी आडवा झालो तर मला उठवायला शेजारच्या ओतिलियाबाईंना त्यांच्या दोन्ही बैलांसकट बोलवावं लागेल, म्हणून हा नमस्कार उभ्याने, भिंतीला टेकून करतो आहे. तो पूर्ण धरावा. (कंबर. सगळं पुढे येतंच आहे.) तुझी तब्येत कशी आहे? रामिरो भावोजींचा गुडघा तुमच्या पुंता अरेनासच्या वाऱ्यात अजून कुरकुरतो का? त्यांना म्हणावं, गुडघा कुरकुरतोय तोवर तो आपला आहे असं समजावं, माझी कंबर आता कुणाची आहे मला माहीत नाही. इकडे सगळे खुशाल. नोल्फा खुर्चीत आहे, मी बागेत आहे आणि बाग नेमकी कुठे आहे याचा शोध चालू आहे.

तुला कळलंच असेल की सप्टेंबरच्या सुरुवातीला बसमधून उतरताना नोल्फाचा पाय मुरगळला. डॉक्टरांनी घट्ट पट्टी बांधली आणि दुखणं थांबेपर्यंत पाऊल जमिनीला लावायचं नाही असं बजावलं. आता सप्टेंबरात, आपल्याकडचा वसंत तोंडावर असताना, नोल्फाला खुर्चीत बसवणं म्हणजे सुगरणीला लग्नघरात पाहुणी म्हणून बसवणं. ती रडकुंडीला आली, "माझ्या वाफ्यांचं कसं होणार?" म्हणाली. ताई, तो क्षण मी शहाण्या माणसासारखा गप्प राहून घालवायला हवा होता. पण एकतीस वर्षं फेरीबोटीवर दोर ओढून निवृत्त झालेला माणूस मी, छाती पुढे काढून बोललो, "अगं, मी चाळीस गाड्या आणि एक आख्खी वरात भर वादळात पलीकडे नेलीय. चार वाफे काय घेऊन बसलीस?" नोल्फाने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "बरं."

(सदतीस वर्षांच्या संसारात त्या "बरं"चा अर्थ मला अजून लागलेला नाही. तुला लागत असेल तर कळव.)

मग मी बेत आखला. बेत कसला ताई, नकाशाच! जुन्या कॅलेंडरच्या मागे पट्टीने रेघा मारून, बोटीवर जसा माल लावतात तसा, जड माल तळाशी, हलका वर. बटाटे खालच्या बाजूला, मग वाटाणा, मग गाजर, खिडकीसमोर सॅलडची पानं आणि अगदी कोपऱ्यात, नोल्फाला न सांगता, कलिंगड. होय, कलिंगड. बियांच्या पाकिटावरचं चित्र इतकं लाल होतं की माझा जीवच जडला. आपल्या या बेटावर वर्षातून अकरा महिने पाऊस पडतो हे मला ठाऊक आहे. पण कलिंगडात तरी दुसरं काय असतं? पाणीच ना? असा मी विचार केला. सकाळी उठावं, कोवळ्या उन्हात सफरचंदाला फुटलेली कळी पाहावी, फावडं खांद्यावर टाकावं, आणि वाटावं की आपण वीस वर्षांचे आहोत. ही भावना पहिल्या दिवशी साडेनऊपर्यंत टिकली.

नोल्फाची खुर्ची मी समोरच्या खोलीत खिडकीशी ठेवली. काच बंद, कारण वारा, त्यामुळे बोलणं ऐकू येईना. मग तिने लाकडी पळी घेतली आणि आमची खुणांची भाषा ठरली. काचेवर एक टकटक म्हणजे खण, दोन म्हणजे थांब, तीन म्हणजे आत येऊन बोलणी खा. तीन फार झाल्या. पण मंगळवारी मी सॅलडची रोपं लावत होतो (दुधाच्या डब्यांत तिने स्वतः वाढवलेली, छत्तीस, एकेक पान बाळाच्या कानासारखं), तेव्हा काचेवर इतक्या जोरात आणि इतक्या भराभर टकटक सुरू झाली की मला वाटलं, टाळ्या! बायको आपलं कौतुक करतेय! मी टोपी काढून वाकून अभिवादन केलं. ती आणखी जोरात वाजवू लागली. मी आणखी वाकलो. वाकल्यावर दोन पायांच्या मधून मागचं दिसलं, तर ओतिलियाबाईंचा एडका माझ्या मागोमाग शांतपणे ओळीने चालत येत होता आणि मी लावलेलं एकेक रोप खात होता. मी पस्तिसावं लावत होतो, तो चौतिसाव्यावर होता. मला वाकलेलं पाहून त्याने मला मधला अडथळा समजून धडक दिली. कंबरेचं हे असं झालं. ओतिलियाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "आर्सेनियो, त्याला काही लागलं तर नाही ना?"

आता आपल्या जमिनीला समुद्री शेवाळाचं खत हवं हे तू जाणतेसच. लहानपणी तू आणि मी ओहोटीला टोपल्या घेऊन जायचो, आणि माझी टोपली तू भरायचीस. म्हणून गुरुवारी सकाळी मी हातगाडी घेऊन किनाऱ्यावर जायचं ठरवलं. पण निघण्याआधी (ताई, इथून पुढचं खाली बसून वाच) वाटलं, परतल्यावर लगेच बटाटे लावता यावेत म्हणून बियाणं तयार करून ठेवावं. आतल्या खोलीत पलंगाखाली सासूबाईंच्या जांभळ्या बटाट्यांची टोपली होती. तेच ते, लांबट, वाकडे, आतून जांभळे, जे सासूबाईंनी लग्नाच्या दिवशी नोल्फाच्या ओच्यात बांधून दिले होते आणि म्हणाल्या होत्या, नवरा गेला तरी चालेल, हे जाऊ देऊ नकोस. (मी शेजारीच उभा होतो.) दर वर्षी नोल्फा त्यांतले निवडून बियाण्याला ठेवते. बाहेर काढले तर काय, सगळ्यांना पांढरी पांढरी बोटं फुटलेली! मला वाटलं, सडले. हळहळलो. मग म्हटलं, आपल्या हाती आलेत तर वाचवू या. एकेक बोट मोडून काढलं, ब्रशने घासून गरम पाण्यात धुतले, अगदी बाळंतिणीच्या बाळासारखे, आणि ओले राहून पुन्हा सडू नयेत म्हणून स्वयंपाकघरातल्या चुलीच्या भट्टीत, दार किंचित उघडं ठेवून, वाळायला ठेवले. विस्तव मंद होता. तो मंद राहावा म्हणून मी दोनच लाकडं घातली. मोठी होती.

किनाऱ्यावर मी नेहमीपेक्षा जास्त रमलो, हे कबूल करतो. ओहोटी लांबवर गेलेली, ऊन पडलेलं, शेवाळ चकाकतंय, आणि आयुष्यात पहिल्यांदा समुद्र माझ्याकडे कामाला होता, मी त्याच्याकडे नव्हे! हातगाडी काठोकाठ भरली. मग एका खडकावर बसून जरा मातेच्या पानांचा कडू चहा प्यायलो, शिट्टी वाजवली, जरा डोळा लागला. पायाला गार लागलं म्हणून जागा झालो तर भरती आलेली आणि हातगाडी माझ्या डोळ्यांदेखत समोरच्या बेटाकडे निघालेली. एकतीस वर्षं मी त्या पाण्यावर एक दोरी सुटू दिली नाही ताई, आणि निवृत्त झाल्यावर आपली गाडी बांधायला विसरलो. गुडघाभर पाण्यात जाऊन मी तिला हाका मारल्या. हातगाडीला! फेरीबोट तेवढ्यात जात होती. माझ्या जुन्या सोबत्यांनी भोंगा वाजवला आणि सगळ्यांनी टोप्या काढल्या.

ओल्या विजारीने घरी आलो तर दारातच वास आला. इतका सुंदर वास की तोंडाला पाणी सुटलं, आणि पुढच्याच क्षणी मी चुलीकडे धावलो. भट्टी उघडली. ताई, साल खरपूस, आतून लोण्यासारखे मऊ. बेचाळीसच्या बेचाळीस. सासूबाईंचं अख्खं घराणं भाजून निघालं होतं. मी तिथेच जमिनीवर बसलो. खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात समोरच्या खोलीतून नोल्फाची हाक आली, "आर्सेनियो, कसला रे वास? भूक लागलीय मला!"

काय करणार? सालं काढली, दूध आणि डुकराची चरबी घालून सगळे घोटले. रंग जांभळा तो जांभळाच. बशी तिच्यासमोर ठेवून म्हणालो, "बीट घातलंय जरा." तिने एक घास घेतला, डोळे मिटले, दुसरा घेतला. म्हणाली, "हे बीट बटाट्यासारखंच लागतंय की रे."

"नवीन जातीचं आहे," मी म्हणालो.

"कुठलं?"

"बाहेरचं."

"बरं," ती म्हणाली, आणि तीन बशा खाल्ल्या. मी समोर बसून पाहत होतो. वर सासूबाईंची तसबीर होती, मी तिच्याकडे पाठ केली. दुसऱ्या दिवशी बाजारातून साधे पांढरे बटाटे आणले आणि अत्यंत गंभीर चेहऱ्याने, खिडकीतून ती पाहत असताना, एकेक करून लावले. तिने एकदाही पळी वाजवली नाही. तेच मला जास्त लागलं.

बाकी ठीक. वाटाणा उगवला आहे किंवा ते गवत आहे. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा,
आर्सेनियो

ता. क. — तू दक्षिणेला गेलीस तेव्हा सासूबाईंनी तुलाही ओंजळभर जांभळे बटाटे दिले होते. तुझ्या काचघरात ते दर वर्षी होतात हे मला माहीत आहे. बियाण्यापुरते तीस-चाळीस ताबडतोब पाठव. नोल्फा दुपारी घटकाभर झोपते, तेवढ्यात मी पांढरे काढून जांभळे लावीन. पार्सलवर "लोकर" असं लिही. बोटं फुटलेली असतील तर असू देत, आता मला कळलं आहे.

ता. क. २ — कृपा करून फोन करू नकोस. फोन नोल्फाच्या खुर्चीशेजारी आहे. म्हणूनच हे पत्र लिहिलं आणि गुपचूप ओतिलियाबाईंच्या हाती देतो आहे. त्या शनिवारी टपालात टाकतील. बाई एडक्याच्या बाबतीत पक्षपाती आहेत, पण विश्वासू आहेत.

ता. क. ३ (हे अक्षर माझं, नोल्फाचं) — ताई, नमस्कार. ओतिलिया पत्र घेऊन थेट माझ्याकडेच आली. चहाच्या किटलीच्या वाफेवर पाकीट सहज उघडलं, नीट चिकटवून देते आहे. बटाट्यांची काळजी करू नका. आईचं बियाणं आम्ही बायका कधी एकाच घरात ठेवत नाही. निम्मं ओतिलियाकडे असतं, तिचं निम्मं माझ्याकडे. पलंगाखाली होते त्यांचं मला वाईट वाटलंच, बशी पाहिली तेव्हाच मी ते ओळखले होते. पण तो समोर बसला होता, विजार ओली, चेहरा शाळकरी पोरासारखा. मग म्हटलं, खाऊन टाकावं. आणि खरं सांगू? चव फार छान होती. आजवर बियाण्याचे असे पोटभर खायची छाती कुणाची झाली नव्हती.

पाय बरा होऊन पंधरा दिवस झाले. त्याला सांगू नका. इतकी वर्षं तो पाण्यावर आणि मी वाफ्यात वाकलेली, त्याला असं दिवसभर बघायला मला कधी मिळालंच नाही. तो कामाला लागला की गातो, हे तुम्हाला ठाऊक होतं? मला नव्हतं. तेव्हा पार्सल पाठवा जरूर, पण घाई करू नका. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत आले तरी लावणीला चालतात.

आता पुरे करते. तो पायवाटेवरून वर येतोय, भराभर, आणि एकाच पायात बूट दिसतोय.