बेसिन वर गेलं

सोमवार, ४ जून

न्हाणीघरातलं बेसिन वर घ्यायचंय म्हणे! खालच्या कपाटासकट. सुताराला सांगूनही झालं. मी विचारलं, "हे आत्ता कुठून सुचलं?" तर हे म्हणाले, "ताई यायचीय ना राहायला. तिची कंबर धरते, वाकवत नाही."

ताई! म्हणजे माझ्या वन्सं.

ते कपाट सासूबाईंच्या उंचीनं बसवलेलं. त्या बुटक्या, मी ताडमाड. लग्न होऊन आल्यापासून चूळ भरताना माझी कमान होते. कितीदा म्हटलं, जरा वर घ्या हो. तेव्हा काय — तर भिंत फुटेल, फरशी जाईल, पाइप पुरणार नाही. आता बहिणीसाठी भिंतही शहाणी झाली आणि पाइपही लांबला!

मंगळवार, ५ जून

सुतारानं विचारलं, "कुणाच्या मापानं घेऊ?" मी पुढे झालेच होते. तर हेच कोपर दुमडून भिंतीशी उभे! "इथं कर खूण. बहीण-भाऊ एकाच उंचीचे आम्ही."

बायकोची उंची कुणी विचारतंय?

संध्याकाळपर्यंत कपाट चांगलं वीतभर वर गेलं. खाली जुन्या खिळ्यांची भोकं तशीच. सुतार म्हणाला, "काकू, आता तुमचीही कंबर सुटली." सुटली रे बाबा. पण जीव जळतोय त्याचं काय?

गुरुवार, ७ जून

वन्सं आल्या. बॅग ठेवायच्या आधी न्हाणीघरात जाऊन कपाट बघून आल्या. "छान झालं हो बाळ्या!" ह्या वयात बाळ्या! आणि हे कसे हसले. माझ्याशी बोलताना असं हसलेले शेवटचे कधी, आठवत नाही.

शुक्रवार, ८ जून

मी स्वयंपाकघरातच तोंड धुतलं. नको मला ते दुसऱ्याच्या नावाचं सुख.

शनिवार, ९ जून

दोघांचं सारखं गुळपीठ. मी खोलीत गेले की गप्प! मग वन्सं उगाच म्हणतात, "अगं, उकडतंय ना आज?" उकडतंय तर. माझ्या आत शेगडीच पेटलीय.

पण वन्सं माणूस म्हणून वाईट नाहीत. माझी औषधं आपणहून आणून दिली. त्यामुळे धड भांडताही येत नाही — पंचाईत!

रविवार, १० जून

आज वन्संची चप्पल पलंगाखाली गेली. बाई सरळ ओणवी झाली, अर्धी आत शिरली, चप्पल घेऊन टुणकन उभी! आणि म्हणे कंबर धरते!

मी तिथंच अडवलं. "वन्सं, खरं सांगा. कपाट कुणासाठी वर घेतलं?"

त्यांचा चेहरा उतरला. "त्यालाच विचार," एवढंच म्हणाल्या.

ह्यांना विचारलं, तर पांघरूण ओढून भिंतीकडे तोंड.

सोमवार, ११ जून

सकाळी वन्सं रडल्याच. वाकायची मनाई ह्यांना आहे. खाली वाकलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, एकदा बेसिनपाशी पडलेही. पुढच्या महिन्यात डोक्याचं ऑपरेशन. बहिणीला सगळं ठाऊक. मला नाही!

"तू घाबरशील म्हणून नाही सांगितलं," हे म्हणाले.

अहो, घाबरायचा पहिला मान माझा होता!